आफ्रिकेचे नंबर लावणारीचा बाप

रंगराव माझा सख्खा धाकटा भाऊ. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कुणा परक्याने द्वेषाने लिहिलंय असं वाटायला नको. द्वेष आहेच, पण तो घरचा आहे.

खराडीत आमचं कांद्याचं वावर होतं, तिथे आता काचेची इमारत आहे. बिल्डरने जमीन घेतली, पैसे मोजले आणि वर दोन मजले रंगाच्या नावावर करून दिले. त्यांचं भाडं दरमहा येतं. यात रंगाची कर्तबगारी एवढीच की तो त्या जमिनीच्या मालकाच्या पोटी जन्माला आला. जन्माला मीही तिथेच आले होते. पण मला लग्नातल्या साडीच्या मोबदल्यात हक्कसोडीवर सही करायला लावली, आणि सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवायला रंगाच उभा होता. मग मी वारज्यात संसार केला, महापालिकेच्या शाळेत पोरं शिकवली, आता निवृत्त आहे. कुणाचं एक पैशाचं खात नाही, म्हणून बोलायची हिंमत आहे.

रंगाला आयुष्यात दुसरं कसलंच व्यसन नाही. तंबाखू नाही, दारू नाही. त्याला फक्त नंबराचं व्यसन आहे. गावात लग्न असलं की पत्रिका हातात आल्याबरोबर तो मुहूर्त बघत नाही, आपलं नाव कितवं छापलंय ते बघतो. एकदा वाघोलीच्या एका लग्नात माइकवाल्याने पाहुण्यांची नावं पुकारताना ह्याचं नाव एका प्लॉटिंगवाल्याच्या नंतर घेतलं. हा पठ्ठ्या बांधलेला फेटा उतरवून, जेवणाचं ताट तसंच टाकून घरी आला. भावजय तेव्हा हयात होती. ती बिचारी उपाशीच त्याच्या मागून आली. पुढे ती गेली तेव्हासुद्धा दहाव्याला कोण कोण मोठी माणसं आली, ते हा महिनाभर मोजत होता. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

अशा माणसाच्या पोटी उत्कर्षा जन्मली. एम.कॉम. झाली आणि आमच्याच वावरातल्या त्या इमारतीत, बापाच्या मालकीच्या मजल्यावर भाड्याने असलेल्या एका कंपनीत नोकरीला लागली. वशिल्याने नाही हं, परीक्षा देऊन. कंपनीचं काम असं की परदेशातल्या एका मासिकासाठी दरवर्षी आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांची यादी करायची, उलाढालीप्रमाणे. उत्कर्षा त्या कामाची प्रमुख झाली होती.

मला हे सगळं तिने वारज्याला माझ्या स्वयंपाकघरात, मटार सोलता सोलता समजावलं होतं. पहिला नंबर बहुतेक वेळा अल्जीरियाच्या सरकारी तेल कंपनीचा. त्यामागे दक्षिण आफ्रिकेतल्या बऱ्याच, मोबाइलवाल्या, खाणवाल्या, किराणा दुकानांच्या साखळ्यांवाल्या. प्रत्येकीचं वर्ष वेगळ्या महिन्यात संपतं, प्रत्येकीचं चलन वेगळं, ते सगळं डॉलरमध्ये आणायचं. नायजेरियाचं चलन घसरलं त्या वर्षी तिथल्या कंपन्यांनी माल जास्त विकला होता आणि तरी त्या यादीत खाली आल्या.

"हा कुठला न्याय?" मी म्हटलं.

"न्याय नाही आत्या, यादी आहे," ती म्हणाली. "उलाढाल म्हणजे नफा नाही. पहिल्या नंबरवालीसुद्धा तोट्यात असू शकते. मी फक्त आकडा खरा आहे का ते बघते."

ही गोष्ट तिने बापालाही अशीच सांगितली असणार. पण पालथ्या घड्यावर पाणी. रंगाच्या डोक्यात एवढंच शिरलं की आफ्रिका खंडात पहिला कोण आणि शेवटचा कोण हे त्याची पोरगी ठरवते. इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचा, "अख्ख्या आफ्रिकेचे नंबर माझी पोरगी लावती." वॉचमन मान डोलवायचे. मालकापुढे ते तरी दुसरं काय करणार?

गेल्या दिवाळीत मी भाऊबीजेला खराडीला गेले. रीत म्हणून जाते, प्रेम म्हणून नाही. ओवाळून झालं, रंगाने ताटात पाकीट टाकलं, तेवढ्यात इंद्रजीत आला. इंद्रजीत आमच्याच गावचा. आपल्या जमिनीच्या पैशातून तो आफ्रिकेत, टांझानियातल्या दारेसलामला गेला आणि तिथे पाण्याच्या पंपांचा धंदा केला. वर्षातून एकदा येतो आणि गावभर काजूचे पुडे वाटतो. गावात पंगतीला त्याचं पान रंगाच्या आधी वाढतात, हे रंगाचं जन्माचं दुखणं. म्हणूनच त्याच्यावर उपकार करायला मिळाले तर रंगाला हवेच होते.

"उत्कर्षा, आमचंही नाव लागू दे की तुझ्या यादीत," इंद्रजीत हसत म्हणाला आणि त्याने मोबाइलवर आकडे काढून तिच्या हातात दिले. "तिकडं बँका, सरकार, सगळे ती यादी बघतात."

तिने फराळाची बशी बाजूला ठेवून नीट वाचलं. मग विचारलं, "काका, दारेसलामची कंपनी नैरोबीच्या कंपनीला पंप विकते, नैरोबीची कंपालाच्या कंपनीला. तिन्ही तुमच्याच ना?"

"माझ्याच. मग?"

"मग एकच पंप तीनदा मोजलाय. घरातल्या घरात विकलेलं धरत नाहीत. शेवटच्या गिऱ्हाइकाला विकला तोच खरा. तसं मोजलं तर तुम्ही यादीच्या जवळपाससुद्धा नाही."

इंद्रजीतचा चेहरा उतरला. रंगा मध्ये पडला. "अगं, मग मोज की तीनदा! तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझी नोकरी जाते, आबा. नाही जमणार."

"गावच्या जत्रेत मानाचा नारळ कुणी फोडायचा हे कोण ठरवतं? चार माणसंच बसून ठरवत्यात ना? मग आफ्रिकेत काय देव येऊन ठरवतो?"

"आबा, मी नाही म्हटलं."

इंद्रजीतने मोबाइल खिशात घातला. "राहू द्या रंगराव. पोरी शिकल्या की बापाचं कुठं ऐकत्यात." एवढं बोलून तो उठला. वाक्य साधंच होतं, पण रंगाला मिरची लागली ती त्याच वाक्याने. तो त्याला सोडायला दारापर्यंत गेला आणि मी माझ्या कानांनी ऐकलं. "तिचं मनावर घेऊ नका. आत्यापुढं तशी बोलती. माझ्या शब्दाबाहेर न्हाई ती. नंबर लागला म्हणून समजा."

तो परत आत आल्यावर उत्कर्षाने पुन्हा एकदा, स्वच्छ शब्दांत, माझ्यादेखत नाही सांगितलं. रंगाने टीव्ही लावला.

पुढे जे झालं ते पुण्याबाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. पुणेकराला सांगायलाच नको. डिसेंबरात इंद्रजीतचा वाढदिवस आला आणि रंगाने खराडीच्या चौकात दुमजली घराएवढा फ्लेक्स लावला. 'आफ्रिका खंडातील अग्रगण्य कंपन्यांच्या यादीत निवड झाल्याबद्दल मा. इंद्रजीतशेठ यांचे हार्दिक अभिनंदन.' मधे इंद्रजीत गॉगल लावून, त्याच्या शेजारी जरासा लहान रंगा हात जोडून, आणि खाली कोपऱ्यात पदवीचा काळा झगा घातलेली उत्कर्षा. तिच्या फोटोखाली 'यादीप्रमुख'. यादी छापून यायला अजून दोन महिने होते.

हा वेडेपणा नव्हता, त्याच्या लेखी हिशेब होता. आमच्याकडे फ्लेक्स आधी लागतो आणि गोष्ट मागाहून खरी होते. जो तो भावी नगरसेवक म्हणून चौकात लटकतो, त्यातला एखादा होतोही. एकदा चौकात लागलं की पोरीला माघार घेता येणार नाही, असं त्याने धरलं होतं.

त्या चौकातून कंपनीची निम्मी माणसं रोज कामाला जातात. दुपारपर्यंत फ्लेक्सचा फोटो उत्कर्षाच्या साहेबांकडे, अनिरुद्धकडे पोचला. संध्याकाळपर्यंत तो परदेशात मासिकवाल्यांकडे गेला. त्यांना मराठी वाचता येत नसलं तरी वाचून दाखवणारे पुष्कळ असतात. त्यांनी एकच विचारलं. यादी व्हायच्या आधी हा माणूस यादीत कसा? दुसऱ्या दिवशी उत्कर्षाला काम थांबवून घरी बसायला सांगितलं.

तिने मला फोन केला. रडत नव्हती. "आत्या, आबांना घेऊन ये. साहेबांनी त्यांना बोलावलंय. त्यांनी एवढंच सांगायचं की फ्लेक्स मी माझ्या मनाने लावला, पोरीने नाही म्हटलं होतं. एवढं सांगितलं तर नोकरी राहते. मी त्यांच्याशी बोलले की ओरडतात."

मी रिक्षा केली आणि वारज्याहून खराडी गाठली. गेल्या गेल्या रंगाला जे बोलायचं ते बोलले. आईबापांचा उद्धार केला नाही, कारण ते माझेही होते. बाकी काही शिल्लक ठेवलं नाही.  शेवटी तो म्हणाला, "सांगतो की आक्का. खरं तेच सांगायचं हाय, त्यात काय?" मला वाटलं, सुटलो. पण निघताना बघते तर गाडीत पुढच्या सीटवर इंद्रजीत. त्यालाही आपलं नाव साफ करायचं होतं, मी नंबर मागितला नव्हता, असं सांगायचं होतं. मी रंगाला म्हटलं, ह्याला कशाला? तो म्हणाला, असू दे, वजन पडतं.

अनिरुद्ध पस्तिशीचा, मऊ आवाजाचा माणूस. "या काका, बसा. मजला आपलाच आहे," तो म्हणाला. ऐकायला गोड, पण त्यातलं विष समजायला पुण्यात राहावं लागतं. टेबलाच्या एका बाजूला तो, टोकाला उत्कर्षा, आणि समोर आम्ही तिघं. इंद्रजीतने आधी आपलं सांगून घेतलं. मी काही मागितलं नाही, रंगरावच म्हणाले नंबर लागला, म्हणून मी आभार मानले. भाऊबीजेला पोरीने त्याच्या तोंडावर नाही म्हटलं होतं, ते त्याने सोयीने गाळलं.

मग अनिरुद्ध रंगाकडे वळला. "काका, सरळ विचारतो. यादीत नाव घालीन असं उत्कर्षाने कबूल केलं होतं, की हे तुमच्या मनाने?"

रंगाने तोंड उघडलं आणि शेजारी बघितलं. इंद्रजीत त्याच्याकडेच बघत होता. त्या एका क्षणात माझ्या भावाच्या मनात काय चाललंय ते मला आरपार दिसलं. खरं सांगावं, तर पोरगी शब्दाबाहेर नाही असं ज्याला छातीवर हात मारून सांगितलं, त्याच्यासमोर पोरीने शेवटपर्यंत ऐकलं नाही हे कबूल करावं लागणार. आणि ते आज संध्याकाळी सगळ्या गावाला कळणार.

"पोरीनं शब्द दिला होता," रंगा म्हणाला. "त्याबिगर मी कशाला लावीन? ती बापाला न इचारता पाऊल टाकत न्हाई."

"खोटं बोलतोय हा!" मी उभीच राहिले. "भाऊबीजेला मी तिथेच होते. तिने तीनदा नाही सांगितलं. साहेब, हा माझा भाऊ आहे आणि हा धडधडीत खोटं बोलतोय!"

"ताई, बसा," अनिरुद्ध म्हणाला. "तुम्ही आत्या. तुमची माया मी समजू शकतो. पण मला सांगा, कोणता बाप स्वतःच्या मुलीच्या विरोधात खोटं बोलेल?"

 असा बाप असतो, तो हा काय, इथे बसलाय, हे मी ओरडून सांगितलं तरी ऐकणाऱ्याला पटलं नसतं. जगात कुणालाच पटत नाही.

त्याने उत्कर्षाला विचारलं, तुला काही म्हणायचंय? ती बापाकडे बघत होती. "मी नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "घरात म्हटलं होतं. घरातल्या नाहीला पुरावा कुठून आणू?"

त्याच संध्याकाळी तिला काढलं.

लिफ्टपाशी मी रंगाची कॉलर धरली. लाज वाटली नाही मला, आजही वाटत नाही. तो कॉलर सोडवून घेत म्हणाला, "नोकरी काय, छप्पन मिळत्याल. पोरगी बापाला जुमानत न्हाई असं एकदा गावात झालं म्हंजे मग?" म्हणजे पोरगी लबाड ठरली तर चालेल, बापाचं न ऐकणारी ठरायला नको. हे तो आपल्या पोरीसमोर, तिच्या तोंडावर बोलला. उत्कर्षाने माझा हात धरला आणि आम्ही जिन्याने खाली उतरलो. त्याच रात्री ती बॅग घेऊन वारज्याला आली.

छप्पन काय, एकही मिळाली नाही. हे काम करणाऱ्या कंपन्या पुण्यात बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि सगळ्या एकमेकींना फोन करून विचारतात. आता ती मंडईजवळच्या एका मसालेवाल्याकडे जीएसटीचं काम बघते. मालक चांगला आहे, पण संध्याकाळी ती घरी येते तेव्हा हळदीचा वास येतो आणि डोळ्यांत काही नसतं. फेब्रुवारीत यादी छापून आली. तिने बनवलेली होती जवळजवळ सगळी, पण खाली नाव दुसऱ्याचं. मला वाटलं ती बघणारसुद्धा नाही. तिने मोबाइलवर उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि एका ठिकाणी थांबून म्हणाली, "इथे वर्ष चुकवलंय ह्यांनी." मग मोबाइल उपडा ठेवला.

इंद्रजीतचं नाव अर्थातच नव्हतं. गावात हसं व्हायला लागल्यावर त्याने सांगायला सुरुवात केली की रंगरावच्या पोरीने नंबर विकायला काढला होता, मी घेतला नाही, म्हणून नाव आलं नाही. त्याबद्दलच तिला काढलं, विचारा हवं तर कंपनीत. आणि कंपनीत विचारलं तर खरंच काढलेलं. आता पंगतीत लोक रंगाला मुद्दाम विचारायला लागले, "काय रंगराव, कितीला गेला नंबर?" पोरीची नोकरी गेली तेव्हा ज्याचं काही बिघडलं नव्हतं, त्याला आता जेवण जाईना.

मार्च संपता संपता एका रविवारी तो वारज्याला आला. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला टिळा. मी दारातच उभी राहिले. उत्कर्षा आत कपड्यांच्या घड्या करत होती. तिला तो दिसत होता, त्यालाही ती दिसत होती.

"जाऊन आलो कंपनीत," तो आत बघत मोठ्याने म्हणाला. "अनिरुद्ध सायबाला समदं खरं सांगितलं. म्हटलं, पोरीनं न्हाई म्हटलं होतं. फ्लेक्स माझ्या मनानं लावला. त्या दिवशी मीच खोटं बोललो."

उत्कर्षाचे हात थांबले. माझंही मन क्षणभर वितळलं, खोटं कशाला बोलू? एवढ्या वर्षांत मी याच्या तोंडून आपली चूक कबूल केलेली ऐकली नव्हती. मी दारातून बाजूला झाले.

"मग?" मी विचारलं. "घेतायत तिला परत?"

"न्हाई. ते म्हणाले, आता काय करता येणार न्हाई. पण सायेब उठून उभे राहिले, आक्का! माझे दोन्ही हात हातात घेतले." रंगाचा चेहरा उजळला होता. "म्हणाले, काका, पोरीसाठी स्वतःवर खोटा आळ घ्यायला निघालात. बाप असावा तर असा. आख्ख्या हापिसासमोर म्हणाले."

आत उत्कर्षाने हातातली घडी पलंगावर ठेवली आणि दुसरा कपडा उचलला.  रंगा उंबऱ्याबाहेर हसत उभा होता, मी काहीतरी म्हणेन म्हणून माझ्या तोंडाकडे बघत. मी दार लावून घेतलं.